तेरावी टोपी

२७ जुलै २०११, बुधवार. एडविन जॅक्सन नावाचा पिचर त्या दिवशी शिकागो व्हाइट सॉक्स संघात होता. व्हाइट सॉक्सनं त्याला टोरोंटो ब्लू जेजला देऊन टाकलं. त्या कागदावरची शाई वाळते न वाळते तोच ब्लू जेजनं त्याला सेंट लुइस कार्डिनल्सकडे रवाना केलं. हा माणूस टोरोंटोचा खेळाडू झाला खरा, पण टोरोंटोला गेलाच नाही. दुसऱ्या सौद्यात जॅक्सनबरोबर ब्लू जेजनं आणखी तिघांची पाठवणी केली. त्यातला एक ऑक्टाव्हियो डोटेल. वय सदतीस, गाव डॉमिनिकन रिपब्लिकमधलं सांतो दोमिंगो, काम रिलीफ पिचरचं.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत डोटेलचं नाव शोधावं लागलं असतं. सौद्यातला खरा माल म्हणजे सेंट लुइसनं सोडलेला कोल्बी रॅस्मस हा तरुण सेंटर फील्डर, आणि त्याच्या मोबदल्यात आलेला जॅक्सन. भाजीवाला पिशवीत वरून कोथिंबीर टाकतो, तसा डोटेल या व्यवहारात आला होता. हे प्रकरण या कोथिंबिरीविषयी आहे.

सेंट लुइस हा डोटेलचा बारावा संघ होता. वर्षभरात तेरावा होणार होता, आणि अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर तेरा संघांकडून कोणीच खेळलं नव्हतं.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. शब्द ऐकला की प्रवास आठवतो, आणि डोटेलच्या बाबतीत तो शोभतोही. पण मुळात या शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही. फ्रेंच भाषेत दिवसाला, दिवसभराच्या कामाला जो शब्द आहे, त्यातून तो आला. युरोपातल्या जुन्या कारागिरांत शिकाऊ मुलगा एका टोकाला आणि स्वतःचं दुकान असलेला उस्ताद दुसऱ्या टोकाला असे. मधला माणूस काम पुरतं शिकलेला, पण दुकान नसलेला. दिवसाच्या हिशेबानं दुसऱ्याकडे राबणारा. आपल्याकडचा ‘रोजंदारीवरचा कारागीर’ हा शब्द जर्नीमनला ‘भटक्या’पेक्षा कितीतरी जवळचा आहे. बेसबॉलमध्ये हा शब्द थोडा हिणवण्यासाठी वापरतात, म्हणजे हा बरा आहे, पण कुणी त्याला धरून ठेवत नाही. मला तो हिणवणारा वाटत नाही. हातातलं काम पक्कं असल्याशिवाय रोज नव्या दारात कोण उभं करून घेतं?

डोटेलचं काम काय होतं, हे समजायला बेसबॉलची थोडी तोंडओळख हवी. क्रिकेटमध्ये षटक संपलं की गोलंदाज बदलतो आणि थोड्या वेळानं तोच परत येतो. बेसबॉलमध्ये एकच पिचर सलग फेकत राहतो, आणि एकदा मैदानाबाहेर काढला की त्या सामन्यात त्याला परत येता येत नाही. सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन बॅटर बाद व्हायचे. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा डाव ओढतो. मग त्याचा हात थकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरच्या बॅटरांचे डोळे त्याला सरावतात. तेच बॅटर त्याच हातातून सुटलेला चेंडू तिसऱ्यांदा बघत असतात. इथून पुढे रिलीफ पिचर लागतो. तो एखादाच डाव टाकतो, २०१९ पर्यंत तर कधी एकाच बॅटरपुरताही यायचा. बाकी वेळ तो मैदानाच्या कडेला, कुंपणापलीकडच्या ‘बुलपेन’ नावाच्या आवारात बाकावर बसून असतो. तिथे भिंतीवर एक फोन असतो. तो वाजला की उठायचं, हात गरम करायचा आणि बोलावणं येण्याची वाट बघायची. येईलच असं नाही. आलं, तर सामन्याचा सगळ्यात वाईट क्षण पुढ्यात असतो.

बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर साठ फूट सहा इंच असतं, म्हणजे आपल्या बावीस यार्डांहून साडेपाच फूट कमी. मध्ये टप्पा नाही, खेळपट्टी नाही, पावसानं ओली झालेली माती नाही. चेंडू हवेतूनच जे काही करायचं ते करतो. डोटेलचं हत्यार होतं वेगवान सरळ चेंडू. सोडताना बोटांनी त्याला मागच्या बाजूला जबर फिरकी मिळाली, की हवा चेंडूला खालून थोडा आधार देते आणि तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. बॅटरला वाटतं, चेंडू वर उसळला. प्रत्यक्षात तो खालीच येत असतो, फक्त डोळ्यांनी मांडलेल्या हिशेबापेक्षा उशिरा. बॅट चेंडूच्या खालून निघून जाते. डोटेलनं अख्ख्या कारकिर्दीत ९५१ डाव टाकले आणि त्यांत १,१४३ स्ट्राइकआउट घेतले. डावात बाद होतात तिघेच, आणि त्यातल्या सरासरी एकाहून जास्त जणांना हा माणूस बॅटला चेंडू न लागू देता घरी पाठवत होता.

आता हा माणूस इतके संघ का फिरला, या प्रश्नाकडे येऊ.

शॉर्टस्टॉपला सेकंड बेसवरच्या सोबत्याशी पावलं जुळवावी लागतात. कॅचरला, म्हणजे बेसबॉलच्या यष्टिरक्षकाला, अख्ख्या पिचर-ताफ्याचे स्वभाव पाठ करावे लागतात. रिलीफ पिचरला यातलं फारसं काही लागत नाही. त्याचं कसब त्याच्या खांद्यात असतं आणि ते उचलून दुसऱ्या गावी नेता येतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं याचं बिऱ्हाड खांद्यावर. शिवाय त्याची गरजही हंगामी. जुलैअखेर अदलाबदलीची मुदत संपण्याआधी संघांचे दोन गट पडलेले असतात. ज्यांना विजेतेपदाची आशा आहे त्यांच्याकडे सातव्या-आठव्या डावात भोक असतं. ज्यांची आशा संपली त्यांच्याकडे एखादा अनुभवी रिलीव्हर असतो, ज्याचा आता त्यांना उपयोग नाही. मग पहिले दुसऱ्यांना तरुण, होतकरू पोरं देतात आणि हा हात घेऊन जातात. अनोळखीपणा हेही याचं भांडवल. नव्या विभागातल्या बॅटरांनी त्याला फारसं पाहिलेलं नसतं, आणि एका डावापुरतं तेवढं पुरतं. जास्त दिवस राहिला, तर डोळे सरावतातच.

१९९९ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून डोटेलनं सुरुवात केली. त्या वर्षी ऑक्टोबरात बाद फेरीचा एक सामना पंधरा डाव रंगला, आणि तो डोटेलच्या नावावर जिंकला गेला. दोन महिन्यांत मेट्सनं त्याला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला देऊन टाकलं. ह्यूस्टनला तो साडेचार वर्षं राहिला. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत लांब मुक्काम. ११ जून २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, यांकीजच्या मैदानावर, ह्यूस्टनचा मुख्य पिचर रॉय ऑस्वाल्ट दुसऱ्याच डावात जांघेच्या दुखापतीनं बाहेर गेला. उरलेला सामना पाच रिलीव्हरांनी वाटून घेतला आणि सहा जणांनी मिळून यांकीजला एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मारू दिला नाही. यांकीजवर अशी नामुष्की १९५८ नंतर आली नव्हती. डोटेलच्या वाट्याला आठवा डाव आला आणि त्यात त्यानं चार स्ट्राइकआउट घेतले.

तीन बाद झाल्यावर डाव संपतो, मग चार कसे? तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातातून निसटला तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळण्याची मुभा असते. तो पोहोचला तर वाचतो, पण पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा होतोच. मग डाव संपवायला आणखी एक घ्यावा लागतो. त्या दिवशी डोटेलला घ्यावा लागला, आणि त्यानं घेतला. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या कारकिर्दीची छोटी नक्कल वाटतो. काम पूर्ण झालेलं असतं, तरी आणखी एकदा करायचं.

जून २००४ मध्ये ह्यूस्टननं त्याला ओकलंडकडे पाठवलं, आणि पुढे गाडी थांबलीच नाही. ओकलंडला कोपराची मोठी शस्त्रक्रिया. मग न्यूयॉर्क यांकीज, तिथे बिकट हंगाम. मग कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागो व्हाइट सॉक्स. त्यांनी दोन वर्षांसाठी १ कोटी १० लाख डॉलर दिले. रोजंदारी म्हटलं म्हणून दिवसाची मजुरी डोळ्यांपुढे आणू नये. २०१० मध्ये तर एकाच हंगामात तीन संघ: पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस, डेन्व्हर. गंमत म्हणजे त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संस्थेत, खालच्या श्रेणीतल्या संघात, उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंह पिचिंग शिकत होता. भारतात एका स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू आणि दिनेश पटेल या दोघांना पिट्सबर्गनं २००८ च्या अखेरीस करारबद्ध केलं होतं. चेंडू कसा धरायचा, इथपासून त्यांना सुरुवात करावी लागली. त्याच जर्सीत वर डोटेल नवव्या डावात सामने राखत होता आणि ऑगस्ट उजाडण्याआधी दुसरीकडे निघूनही गेला होता.

या साऱ्या प्रवासाचा हिशेब मी मांडून पाहिला. तेरा संघ म्हणजे बारा स्थलांतरं. त्यातली सहा अदलाबदलीची, म्हणजे मालकानं पाठवलं आणि हा गेला. उरलेली सहा करार संपल्यावर स्वतःच्या मर्जीनं केलेली. बरोबर निम्मी-निम्मी. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात. खेळाडूला मात्र बदलीची ऑर्डर आणि स्वतः शोधलेली नोकरी यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ही मर्जी खेळाडूंना सहज मिळालेली नाही, आणि तिची गोष्ट सेंट लुइसमधूनच जाते. एकेकाळी अमेरिकेत बेसबॉलच्या करारात एक कलम असे. त्याच्या आधारे संघ खेळाडूचा करार पुन्हापुन्हा वाढवू शके. खेळाडूला दुसरीकडे जाण्याची वाट नव्हती, संघाला मात्र त्याला कुठेही पाठवण्याची मोकळीक होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सनं कर्ट फ्लड या आपल्या सेंटर फील्डरला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं तो सेंट लुइसला खेळला होता. फ्लडनं जायला नकार दिला आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला, आणि त्याची कारकीर्दही त्यातच संपली. पण दार किलकिलं झालं होतं. १९७३ च्या करारानुसार दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात काढलेल्या खेळाडूला बदली नाकारण्याचा हक्क मिळाला. १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूनं निकाल दिला आणि ते जुनं कलम मोडीत निघालं.

डोटेलच्या सहा मर्जीच्या टोप्या या निकालातून आल्या. पण दहा-पाचचा हक्क त्याला कधीच मिळाला नाही. दहा वर्षं झाली, सलग पाच कुठेच झाली नाहीत. नियम बनला फ्लडसारख्यांसाठी, मुळं धरलेल्यांसाठी. ज्याची सारखी उचलबांगडी होते, ज्याला नकाराचा हक्क सगळ्यात जास्त लागेल, त्यालाच तो मिळू नये अशी त्याची घडण आहे. बदल्यांच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

बरं, नव्या संघात पहिल्या दिवशी काय होतं? कपाटावर नावाची पट्टी लागते. आवडता क्रमांक कुणाच्या तरी पाठीवर असला तर दुसरा घ्यावा लागतो. तरुण खेळाडू दोघं-चौघं एखाद्या घरात राहतात, पण बायकामुलं असलेला माणूस हंगामाच्या मध्यावर हॉटेलची खोली घेतो. मुलांची शाळा आधीच्या गावात, घराचं भाडं आधीच्या गावात. पण खरी घाई इशाऱ्यांची. त्या काळात कॅचर खाली बसून मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवायचा, एक बोट म्हणजे हा चेंडू, दोन म्हणजे तो. समोरच्या संघाचा धावक दुसऱ्या बेसवर पोहोचला की त्याला ती बोटं दिसतात, म्हणून इशाऱ्यांची दुसरीच भाषा सुरू होते. ती प्रत्येक संघाची, खरं तर प्रत्येक कॅचरची वेगळी. दुपारी विमानातून उतरलेला माणूस रात्री हजारो प्रेक्षकांसमोर माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा राहणार, त्याला मिळणार सरावाचे आठ चेंडू, आणि दुसऱ्या बेसवर पुष्कळदा कुणीतरी आधीच उभं असणार. २०२२ पासून पिचरच्या टोपीत छोटा स्पीकर आणि कॅचरकडे बटणांचं यंत्र आलं आणि ही घोकंपट्टी बरीच सुटली. डोटेलला ते सुख लाभलं नाही.

हवासुद्धा बदलते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. ज्याची सारी भिस्त फिरकी आणि हवेच्या आधारावर, त्याला ते गाव मानवत नाही. डोटेल तिथे सप्टेंबरपुरताच राहिला, हे त्याचं नशीब.

सेंट लुइस तितकं परकं नव्हतं. तिथला कॅचर यादियेर मोलिना पोर्तो रिकोचा, स्पॅनिश बोलणारा. संघाचा सर्वांत मोठा बॅटर अल्बर्ट पुहोल्स तर जन्मानं सांतो दोमिंगोचाच. आणि व्यवस्थापक टोनी ला रूसा. रिलीफ पिचरच्या धंद्याला आजचं रूप देण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा, त्यांच्यापैकी हे एक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओकलंडमध्ये त्यांनी डेनिस एकर्सली या उतारवयातल्या पिचरला फक्त नववा डाव टाकायला लावलं आणि सातवा याचा, आठवा त्याचा अशी कामाची वाटणी रूढ केली. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी रिलीव्हरांचं काम मोजण्यासाठी सुचवलेलं ‘सेव्ह’ हे माप १९६९ पासून अधिकृत होतं. तीन किंवा कमी धावांची आघाडी राखत शेवटचा डाव संपवला की सेव्ह मिळतो. ला रूसांच्या पद्धतीनं त्या मापाला वेतनश्रेणीच बहाल केली. नववा डाव टाकणारा साहेब, सातवा-आठवा टाकणारे कारकून. डोटेल दोन्ही खुर्च्यांवर बसला. कारकिर्दीत त्याचे १०९ सेव्ह आहेत, पण सेंट लुइसला तो कारकुनी करायला आला होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कार्डिनल्स बाद फेरीच्या जागेपासून साडेदहा सामने मागे होते. एवढं अंतर सहसा कापलं जात नाही. त्यांनी हंगामाच्या शेवटच्या दिवशी कापलं. पुढे मिलवॉकीविरुद्धच्या मालिकेत तर बुलपेननं सुरुवातीच्या पिचरांपेक्षा जास्त डाव टाकले. कार्डिनल्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोहोचले आणि टेक्सास रेंजर्ससमोर दोन-दोन अशा बरोबरीत पाचवा सामना आला.

२४ ऑक्टोबर, आर्लिंग्टन. आठवा डाव, दोन्हीकडे दोन-दोन धावा, माउंडवर डोटेल. पहिल्याच बॅटरनं, मायकेल यंगनं, डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला. दुसरा एड्रियन बेल्ट्रे, सांतो दोमिंगोचा. त्याला डोटेलनं स्ट्राइकआउट केलं. तिसरा नेल्सन क्रूझ, तोही डॉमिनिकन. त्याच्याशी पंगा नको म्हणून त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे न खेळवताच पहिल्या बेसवर जाऊ दिलं. डोटेलचं काम संपलं. डावखुरा बॅटर येत होता, म्हणून ला रूसांनी डावखुरा मार्क झेपचिन्स्की आणला. हाही २७ जुलैच्या त्याच सौद्यातला. आडनावाचं स्पेलिंग असं जगावेगळं, की सोबती त्याला स्क्रॅबल म्हणत. झेपचिन्स्कीच्या अंगावर आपटून चेंडू घरंगळला आणि बेस भरले. पुढचा बॅटर उजवा, माइक नापोली, जबरदस्त फॉर्मात. त्याच्यासाठी ला रूसांना जेसन मॉट हवा होता.

मॉट तयार नव्हता. ला रूसांनी बुलपेनला फोन करून दोन नावं सांगितली होती. प्रेक्षकांच्या गदारोळात पलीकडे एकच ऐकू गेलं होतं. झेपचिन्स्कीला उजव्या हाताच्या बॅटरसमोर तसंच ठेवावं लागलं आणि नापोलीनं दोन धावांचा डबल हाणला. ला रूसांनी पुन्हा फोन करून मॉट मागितला. बुलपेनमध्ये लिन ऐकू आलं. माउंडवर चालत आला तो लान्स लिन, ज्याला त्या रात्री वापरायचंच नव्हतं. लिननं मुद्दाम एक वॉक दिला, मग अखेर मॉट आला आणि डाव संपला. सामना ४–२ असा गेला. पराभवाची नोंद झाली डोटेलच्या नावावर, कारण आघाडीची धाव करणारा यंग त्याच्यावर बेसवर पोहोचला होता.

कोट्यवधी डॉलरच्या खेळात एक भिंतीवरचा फोन असा दगा देऊ शकतो, याची तेव्हा बरीच चेष्टा झाली. मला त्यातली वेगळीच बाजू दिसते. रिलीव्हरच्या खात्यावर जे लिहिलं जातं, त्यात त्याच्या हाताबाहेरचं किती असतं! तो उठून गेल्यावर दुसऱ्यानं काय केलं, त्यावर त्याचा हिशेब ठरतो. कायमच्या खेळाडूला अशी रात्र पचते, पुढच्या हंगामात भरून निघते. फिरत्या रिलीव्हरला पुढचा करार मिळताना समोरचा माणूस कागदावरचा आकडा बघतो. डोटेलच्या सुदैवानं गोष्ट तिथं थांबली नाही. सहाव्या सामन्यात कार्डिनल्स दोनदा पराभवापासून एका स्ट्राइकवर असताना वाचले, अकराव्या डावात जिंकले, आणि २८ ऑक्टोबरला सातवा सामना जिंकून विजेते झाले. बाराव्या संघात डोटेलला विजेतेपदाची अंगठी मिळाली. जॅक्सनलाही.

संघानं त्याला ठेवलं का? नाही. त्या हिवाळ्यात तो डेट्रॉइट टायगर्सकडे गेला. ७ एप्रिल २०१२ रोजी तो तेराव्या संघाकडून मैदानात उतरला. बारा संघांवर माइक मॉर्गन, मॅट स्टेअर्स आणि रॉन व्हिलोन यांच्यासह बसलेली बरोबरी त्यानं मोडली. पुढच्या वर्षी कारकीर्द संपत आली असताना तो डॉमिनिकन रिपब्लिककडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक खेळला, आणि तो संघ आठच्या आठ सामने जिंकून अजिंक्य ठरला. तेरा टोप्यांखेरीज ही एक टोपी होती, जी कुणी दिली-घेतली नव्हती.

आपल्याकडे आयपीएलमध्ये अ‍ॅरन फिंच २०२२ साली नवव्या संघाकडून खेळला, तेव्हा त्याच्यावर विनोद झाले. डोटेलच्या हिशेबात नऊ म्हणजे मधला टप्पा. पण विक्रम फार काळ त्याच्याकडेही टिकला नाही. मे २०१९ मध्ये चौदाव्या संघाकडून खेळणारा पहिला माणूस मैदानात उतरला. तो होता एडविन जॅक्सन, आणि चौदावा संघ होता टोरोंटो ब्लू जेज. २७ जुलै २०११ रोजी ज्या संघातून तो कागदावरच निघून गेला होता, त्याची जर्सी त्याच्या अंगावर चढायला आठ वर्षं जावी लागली. जुलै २०२५ मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या रिच हिलनं कॅन्सस सिटीकडून खेळून त्याची बरोबरी केली. दोन सामन्यांनंतर संघानं हिलला मोकळं केलं.

डोटेलनं ते पाहिलं नाही. ८ एप्रिल २०२५ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सांतो दोमिंगोमधल्या जेट सेट या नाइट क्लबचं छत मेरेंगे संगीताचा कार्यक्रम चालू असताना कोसळलं. सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. त्यात गायक रुबी पेरेझ होता, माजी बेसबॉलपटू टोनी ब्लँको होता, मॉन्टेक्रिस्टी प्रांताच्या गव्हर्नर नेल्सी क्रूझ होत्या. ज्या नेल्सन क्रूझला डोटेलनं आर्लिंग्टनमध्ये मुद्दाम वॉक दिला होता, त्याची ही बहीण. डोटेल ५१ वर्षांचा होता. त्याला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं होतं, पण तो वाचला नाही.

त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये मेट्सच्या मैदानावर सामन्याआधी क्षणभर शांतता पाळण्यात आली. मेट्स हा त्याचा पहिला संघ. त्यांनी त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं, त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली होती.